रिसीव्हर गच्चीवर चढवण्याआधी

भुसावळच्या आमच्या महाविद्यालयात हायड्रोजनचा १४२०.४ मेगाहर्ट्झचा संकेत टिपणारी लहानशी रेडिओ दुर्बीण विद्यार्थी उभारत आहेत. पत्र्याचा हॉर्न, म्हणजे संकेत गोळा करणारा कर्ण्यासारखा अँटेना, तयार झाल्यापासून तो गच्चीवर नेण्याची सर्वांना घाई आहे. परंतु आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट किती, हे आधी मोजलेले नसेल तर पुढच्या कोणत्याही नोंदीला अर्थ उरत नाही.

मोजण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. हॉर्नच्या तोंडाशी आधी खोलीच्या तापमानाचा कार्बनयुक्त शोषक फोम धरायचा, मग तोच फोम ७७ केल्विनच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भिजवून धरायचा आणि दोन्ही वेळच्या शक्तीचे गुणोत्तर काढायचे. (गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी दवाखान्यात ठेवतात तोच हा नायट्रोजन, त्यामुळे शेतकऱ्यांच्या घरची मुले तो बेताने हाताळतात.) गुणोत्तर ३ आले आणि गरम बाजू ३०० केल्विन धरली, तर रिसीव्हरचे गोंगाट-तापमान, म्हणजे त्याचा गोंगाट जितक्या तापमानाच्या वस्तूच्या संकेताइतका भरतो ते तापमान, ३४.५ केल्विन निघते. मात्र ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस. मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतला फोम ४२ अंशांवर, म्हणजे ३१५ केल्विनवर असतो, आणि तो आकडा घातला की उत्तर थेट ४२ केल्विन येते. म्हणून हवेचे नव्हे, तर फोममध्ये सेन्सर खुपसून फोमचेच तापमान घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

पहिल्या अँप्लिफायरच्या आधी केबल ठेवूच नये. अर्ध्या डेसिबलचा ऱ्हास असलेली केबलसुद्धा ३०० केल्विनला सुमारे ३७ केल्विनची भर घालते, म्हणजे चांगल्या रिसीव्हरचा गोंगाट दुप्पट होतो.

यापेक्षाही खान्देशात महत्त्वाची वाटते ती उन्हातली चाचणी. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा लोड (आकाशाऐवजी फक्त स्वतःच्या उष्णतेचा गोंगाट देणारा रोधक) जोडून रिसीव्हरचा डबा दिवसभर गच्चीवर चालू ठेवावा. दुपारी लोड स्वतः तापून अधिक शक्ती देत असतो, तरीही आमच्या आलेखाची रेघ खाली झुकते, कारण तापलेल्या अँप्लिफायरांचे वर्धन, म्हणजे संकेत वाढवण्याची क्षमता, त्याहून अधिक घटते. ही घट आकाशातल्या बदलासारखीच दिसते, आणि डब्यातल्या तापमानाची नोंद शेजारी नसेल तर दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. आता डब्याला पांढरा रंग आणि आतून थर्माकोल लावला आहे. तीच चाचणी त्याच उन्हात पुन्हा घेऊन दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहायचे आहेत.