स्पानाकोपिता, खेप सातवी: पान लाटता आलं

काल सातवी स्पानाकोपिता केली. पिता म्हणजे पिठाच्या पानांत सारण भरून भाजायचा ग्रीक पदार्थ. तुकडा उचलला तर तळ वाकला नाही. खालून छान बदामी रंग, आणि नखाने टकटक केलं की आवाज यावा इतका कडक. आधीच्या सहा खेपांत हे एकदाही जमलं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी योआनिनात राहते, ग्रीसच्या वायव्येला, इपिरस प्रांतात. हा मुलूख पितांचाच. मेंढ्या घेऊन डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोकांकडे पीठ, चीज आणि रानातला पाला एवढं हाताशी असायचं, ते सगळं पिठाच्या पानात घालून भाजायचं. पालकाची ती स्पानाकोपिता, रानभाज्यांची होर्तोपिता, चीजची तिरोपिता. पहिल्या तीन खेपा मी दुकानातल्या गोठवलेल्या पातळ पानांवर केल्या. ती चांगली होतात, कुरकुरीत होतात. पण इथल्या घरांत जी खाल्ली ती जरा जाड, हाताने लाटलेल्या ‘होरिआतिको’ म्हणजे गावठी पानांची, आणि मला तीच करायची होती.

पितेच्या या पानांना फिलो म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच पान. पीठ अगदी साधं: ५०० ग्रॅम मैदा, साधारण २५० मिली कोमट पाणी, तीन चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर, मीठ. व्हिनेगरमुळे पीठ लाटताना कमी आखडतं. मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं, मग सहा उंडे.

खरी अडचण पोळीच्या सवयीची होती. पोळी आपण मधून कडेला दाबत नेतो. फिलोचं लाटणं, ज्याला प्लास्टिस म्हणतात, बोटभर जाड आणि चांगलं पाऊण मीटर लांब. उंडा ताटाएवढा होईपर्यंत पोळीसारखंच लाटायचं. मग वर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, जवळची कड लाटण्यावर घ्यायची, अख्खं पान गुंडाळायचं, आणि लाटणं पुढेमागे फिरवताना दोन्ही तळवे मधून टोकांकडे सरकवत न्यायचे. पान ताणाने पातळ होतं. दाब दिला की आतले थर एकमेकांना चिकटतात. चौथ्या आणि पाचव्या खेपेला माझी निम्मी पानं अशीच फाटली.

शेजारच्या आजी झागोरी या इथल्या डोंगराळ भागातल्या एका गावातल्या. सहाव्या खेपेला त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, माझ्या तळव्यांवर आपले तळवे ठेवले आणि तसंच लाटणं फिरवलं. ‘सिगा, सिगा,’ हळू, हळू. त्यांच्या हातांचं वजन जवळजवळ जाणवतच नव्हतं. एवढंसं वजन पुरतं हे मला कुणी सांगून कळलं नसतं. काल एकटीने सहाही पानं लाटली, ओटा पलीकडून दिसावा इतकी पातळ नाहीत, पण एकसारखी. एकही फाटलं नाही.

आता सारण. किलोभर पालक चिरून चमचाभर मीठ लावून अर्धा तास ठेवला आणि पंच्यात बांधून पिळला. वाडगाभर हिरवं पाणी निघालं. तळ ओला राहायचा तो या पाण्यामुळे. उकडून घेतलेला पालक मी किती पिळला तरी लगदा व्हायचा, कच्चा पिळला की पानाला पान राहतं. सोबत पाच-सहा कांद्याची पात, एक लीक (कांद्याच्या जातीची, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी) आणि शेपूची सबंध जुडी. हो, आपलाच शेपू, इथे आनिथो. ज्यांना घरी शेपूच्या भाजीचा वास सोसत नाही त्यांनीही इथे तो कमी करू नये, त्याच्याशिवाय नुसती पालक-पनीरसारखी चव येते.

फेटा, म्हणजे ग्रीसचं खारट पांढरं चीज, ३५० ग्रॅम, हाताने कुस्करून, किसून नाही. २००२पासून युरोपीय संघात फेटा हे नाव ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच लावता येतं: किमान ७० टक्के मेंढीचं दूध, उरलेलं शेळीचं, आणि कमीत कमी दोन महिने मुरवलेलं. मी पिंपात मुरवलेला घेते, त्याची चव जास्त तीव्र लागते आणि तो खाराही असतो. त्यामुळे सारणात वेगळं मीठ घालायचं नाही. तिसऱ्या खेपेला घातलं होतं, घरात कुणी दुसरा तुकडा घेतला नाही. शेवटी दोन अंडी.

तीन पानं खाली, प्रत्येकावर तेलाचा हात, मग मूठभर रवा पसरून सारण. रवा राहिलेलं पाणी पितो. वर तीन पानं, त्यांत मधलं मुद्दाम चुण्या पाडून टाकलं, चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. भाजायच्या आधीच सुरीने तुकडे पाडून वर पाण्याचा शिपका दिला. १८० अंशांवर सगळ्यात खालच्या कप्प्यात एक तास. बाहेर काढल्यावर झाकायचं नाही. लगेच जाळीवर घेतली, नाहीतर वाफेने तळ पुन्हा मऊ पडतो.

आजींना तुकडा नेऊन दिला. त्यांनी आधी उलटा करून पाहिला, मग खाल्ला. लहानपणी त्यांच्याकडे ओव्हन नव्हता, गास्त्राखाली भाजत, म्हणजे थाळीवर लोखंडी घुमटासारखं झाकण आणि त्यावर निखारे. त्या म्हणाल्या, कड थोडी जाड राहिली, तिथे लाटणं पोचत नाहीये. बरोबर आहे, घडी घालताना मलाही ती जाड लागली होती.

पुढच्या रविवारी उंडे आठ करणार आहे, आणि अर्धा पालक काढून बाजारात आलेल्या रानभाज्या घालणार आहे.