यिहलावातला कोमल गंधार

प्रागहून बसने दोनेक तासांत चेकियातल्या यिहलावाला पोचले. संगीतकार गुस्ताव माहलर जेमतेम काही महिन्यांचा असताना, 1860 च्या डिसेंबरात, त्याचे आईवडील या गावात राहायला आले. त्याच्या पहिल्या सिंफनीतल्या तिसऱ्या भागाने मला इथवर आणलं.

‘आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन’ शाळेत आपल्यापैकी कितीतरी जणांनी म्हटलंय. तीच चाल माहलरच्या काळी ऑस्ट्रियात ‘ब्रूडर मार्टिन’ म्हणून गात. सा रे ग सा, सा रे ग सा. माहलरने त्यातला गंधार, म्हणजे ग, अर्ध्या सुराने उतरवून कोमल केला, लय संथ केली आणि सुरुवात सोपवली एकट्या डबल बासकडे, म्हणजे खर्जातल्या भल्यामोठ्या तंतुवाद्याकडे, तीही दबक्या आवाजात. खाली टिंपनी या नगाऱ्यांचे दोनच सूर, पावलं मोजत चालल्यासारखे. मागून बॅसून, चेलो, ट्यूबा एकेक करून तीच ओळ धरतात, जणू माणसं येऊन अंत्ययात्रेत सामील होताहेत. आणि अचानक ओबो-ट्रम्पेट गुत्त्यातल्या बँडसारखे सुरू होतात. बास ड्रमवरच झांज बांधलेली, दोन्ही एकाच वादकाने वाजवायचं, असं माहलरने स्वरलिपीत लिहूनच ठेवलंय. 1889 साली बुडापेस्टला त्याने ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली, तेव्हा श्रोते गोंधळून गेले.

झ्नोयेम्स्का रस्त्यावरच्या त्याच्या घरी गेले. आता तिथे संग्रहालय आहे. वडिलांचा धंदा दारू गाळण्याचा नि गुत्त्याचा. गावात लष्करी छावणी, तिचा बँड रस्त्यावरून जायचा. यिहलावात या कुटुंबात बारा मुलं जन्मली, त्यांतली सहाच शैशव ओलांडू शकली. जिन्यात उभी राहिले आणि तो आकडा डोक्यातून जाईना. वर तान्ह्या मुलाचं मरण नि खाली गिऱ्हाइकांची गाणी, असं इथे कितीदा झालं असेल! बुडापेस्टच्या श्रोत्यांना जे विसंगत वाटलं, ते याने लहानपणी एकत्रच ऐकलं असणार, असं मला तरी मनापासून वाटतं.

1910 साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये त्याने मनोविश्लेषक फ्रॉइडला एक आठवण सांगितली होती. आईवडिलांचं कडाक्याचं भांडण चाललेलं, तो घरातून पळत सुटला, तर रस्त्यावर दांडा फिरवून वाजवायच्या पेटीवर एकजण ‘आख, डू लीबर ऑगस्टिन’ हे लोकप्रिय गाणं वाजवत होता.

बाहेर आले. चौकाच्या उतारावर दोन मुली सायकली ढकलत चढत होत्या. मी ती चाल हलकेच गुणगुणले, आधी शुद्ध गंधाराने, मग कोमल. परतीची बस येईपर्यंत कोमलच चालू राहिला.