बापाने घासलेला जॉब

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा (मशीनचे भाग घासून-जुळवून बसवायचं काम) निदेशक, म्हणजे शिकवणारा आहे, नाशिक जिल्ह्यात, शासकीय संस्था, एवढं पुरे. आमच्याकडे पालक दोनच वेळा दिसतात. एकदा ॲडमिशनला आणि दुसऱ्यांदा हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेल्याची नोटीस घरी गेली की. मधल्या काळात पोरगं काय करतं, कोणत्या मशीनवर उभं असतं, जेवतं का, याची चौकशी करायला कुणी येत नाही. बऱ्याच घरांत आयटीआय म्हणजे अकरावीला नंबर लागला नाही त्याची सोय, त्यामुळे एकदा सोय झाली की विषय संपला. म्हणून पालक पोराच्या ट्रेनिंगमध्ये गरजेपेक्षा जास्त घुसला अशी केस माझ्याकडे आली तेव्हा मला ती ओळखायलाच वेळ लागला, आणि अजून ती डोक्यातून जात नाही.

ॲडमिशनचं थोडक्यात सांगतो कारण बाहेरच्यांना कल्पना नसते. २०२५ पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच शहरी भागांत होती. आमची प्रक्रिया वेगळी, पोर्टल वेगळं, पण पोरं तीच. मूळ दाखला एकच असतो, तो आमच्याकडे जमा केला की कॉलेजला देता येत नाही, म्हणून पालक खिडकीत उभे राहून विचारतात, सर दोन दिवस थांबता का, तिकडची दुसरी लिस्ट लागायचीय. आम्ही कसले थांबतोय, फेरीची तारीख पोर्टलवर असते. विकल्प, म्हणजे कोणत्या संस्थेत कोणता ट्रेड हवा ते, बहुतेक घरांत सायबरवाला भरतो. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प लागला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर, हे सायबरवाला सांगत नाही आणि माहितीपुस्तिका कुणी उघडत नाही. मग काउंटरवर भांडण आमच्याशी.

हे पोरगं मात्र बापाबरोबर आलं होतं आणि बापाने फॉर्म स्वतः भरलेला. पहिला विकल्प फिटर, दुसरा फिटर दुसऱ्या संस्थेत, तिसरा मशिनिस्ट. मला बरं वाटलं, कारण हल्ली सगळ्यांना इलेक्ट्रिशियन पाहिजे, घरगुती कामं मिळतात म्हणून. दहावीला ६१ टक्के. अंगाने बारीक, उंची बेताची, बोलणं जवळपास नाही. बाप अंबड एमआयडीसीत कामाला. "सर, दोन वर्षांनी डिप्लोमाला थेट सेकंड इयर होतं ना?" एवढंच त्याने विचारलं आणि हो म्हटल्यावर लगेच फी भरली. मला वाटलं, माहीतगार पालक आहे, त्रास नाही.

आता थोडं आमच्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फिटरच्या पोराला सुरुवातीचे आठवडे आम्ही फाईल मारायला लावतो, म्हणजे कानस. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मजुरी करून घेतायत. एका पालकाने तर मला सरळ विचारलं होतं, आता सगळं सीएनसीवर, कॉम्प्युटरच्या मशीनवर होतं मग हे घासणं कशाला. त्याला मी म्हटलं, मशीन पार्ट बनवतं, बसवायचा कुणी. फाईल मारणं म्हणजे नुसता हात पुढे-मागे नाही. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने टोक, स्ट्रोक पुढे जाताना सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मुठीकडे, आणि मागे येताना दाब नाही, कारण फाईलचे दात पुढेच कापतात. हा दाब बदलता आला नाही की फाईल झुलते आणि जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, मधोमध फुगीर, कडांना उतरता होतो. नव्या पोराचा पहिला जॉब नेहमी फुगीर असतो. नसला तर तो त्याचा नाही, एवढं मी डोळे मिटून सांगतो.

याचा नव्हता फुगीर.

एम.एस. फ्लॅटचा, म्हणजे साध्या पोलादी पट्टीचा, ४८ बाय ४८ मिलिमीटरचा चौकोन होता. बाकीच्यांचे जॉब बघत बघत याच्याकडे आलो, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी लावली, उजेडाकडे धरलं, पात्याखालून उजेडाची रेघ नाही. चारही कडांना नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजायचं साधन लावलं, ४८.०२ आणि ४८.००. आमच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर आहे, म्हणजे याहून चांगलं मला मोजताच येत नाही. आठवड्यापूर्वी या पोराला हॅकसॉ ब्लेड सरळ लावता येत नव्हतं.

मग मी जॉब नीट फिरवून बघितला. पहिली गोष्ट, जॉबवर व्हाइसच्या, म्हणजे जॉब घट्ट पकडायच्या साधनाच्या, जॉचे (जबड्याचे) दात उमटलेले नव्हते. आमच्या व्हाइसमध्ये पकडलेल्या प्रत्येक जॉबवर ते उमटतात, कारण मऊ पत्र्याचे जॉ लावायला आमच्याकडे पत्रा नाही, मागणी गेलेली आहे. दुसरी, शेवटचा हात स्मूथ, म्हणजे बारीक दातांच्या फाईलचा होता आणि ड्रॉ फायलिंग केलेलं, म्हणजे फाईल आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढलेली, रेघा एकसारख्या, केसासारख्या. या बॅचला स्मूथ फाईल मी अजून स्टोअरमधून काढलेलीच नव्हती. आणि तिसरी, रेघांमध्ये पांढरं होतं. खडू. फाईलच्या दातांत लोखंडाचा कीस अडकून जॉबवर ओरखडे पडू नयेत म्हणून आधी फाईलवर खडू घासतात. हे मी पोरांना शिकवतो, पण बऱ्याच नंतर. ज्याने हा जॉब केला त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, त्याचा हात आपोआप खडूकडे गेला होता.

खरं सांगायचं तर राग यायच्या आधी मी तो जॉब दोन मिनिटं नुसता हातात धरून बघत होतो. पहिल्या वर्षाच्या शॉपमध्ये असं काम बघायला मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्याही नाही.

वेल्डरच्या निदेशकांना दाखवला. ते म्हणाले, "सोडा ना सर, निदान एक तरी जॉब इन्स्पेक्शनला ठेवायला झाला." हे आमच्याकडचं शहाणपण. रिझल्ट लागला की सगळं माफ.

पोराला काही बोललो नाही. नवा तुकडा घेतला, त्यावर माझा नंबर पंच मारला आणि म्हटलं, हा इथे, माझ्यासमोर कर. तो उभा राहिला. तासभर फाईल मारली, खांदे कानापर्यंत चढलेले, फाईल झुलतेय, घाम टपकतोय, आणि जॉब मधोमध असा फुगला की गुण्याखालून दोन्ही बाजूंनी उजेड. मी विचारलं, आधीचा कुणी केला. तो म्हणाला, बाबांनी. मग म्हटलं, तू काय करत होतास. "मी मोबाईलची बॅटरी धरून उभा राहतो. मला हात लावू देत नाहीत, जॉब खराब होईल म्हणतात."

बापाला बोलावलं. तो नाइट शिफ्ट संपवून थेट आला, जेवणाचा डबा हातात, डोळे लाल. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. पण शॉपमध्ये आल्या आल्या त्याची नजर बाकावर गेली आणि माझ्याआधी तोच बोलला, "सर, पोराच्या मानाने व्हाइस उंच आहे. कोपर वर जातंय त्याचं. कसं लेव्हलला राहणार?"

बरोबर होतं. व्हाइसचा वरचा भाग कोपराच्या पातळीला पाहिजे, पहिल्याच धड्यात असतं. बाक एका उंचीचे, पोरं वीस उंचीची, बुटक्या पोरांना पायाखाली फळ्या पाहिजेत, त्याचीही मागणी गेलेली आहे. आमच्याकडे मागणी गेलेली असते. मी स्वतः दर वर्षी कागद करतो आणि दर वर्षी तो वरून त्रुटी काढून परत येतो.

मी म्हटलं, भाऊ, ते राहू द्या, आधी हे सांगा, जॉब तुम्ही का करताय. तो अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, "सर, मी एकवीस वर्षं फिटरचं काम करतोय. असेंब्ली लाइनला जिग, म्हणजे पार्ट जागेवर धरायचा साचा बिघडला की इंजिनिअर मला शोधत येतात. पण कागदावर हेल्पर. आयटीआय नाही ना. ठेकेदार बदलले, तीन-चार झाले, प्रत्येकाच्या हजेरीपत्रकावर हेल्पर. माझ्याकडे कागद नाही म्हणून मी राहिलो, याचा कागद चांगला पाहिजे. मार्क चांगले पाहिजेत. कॅम्पसला कंपनी आली की वरून घेतात."

यात चुकीचं काय होतं सांगा. कंपन्या येतात, मार्क बघतात, ॲप्रेंटिसला घेतात, हे खरं आहे. फक्त पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्या पोराच्या हातात फाईल देतो आणि मग मार्कलिस्ट बघत नाही. मी म्हटलं, तुम्ही त्याला कागद मिळवून देताय पण तुमचा हात काही त्याला देता येत नाही. तो म्हणाला, हात येईल सर, हात येतो. मी म्हटलं, बॅटरी धरून येतो का?

तेव्हा तो गप्प झाला.

मग मी एक गोष्ट केली ज्याबद्दल मला अजून नक्की ठरवता येत नाही. बाकीची पोरं आजूबाजूला घुटमळत होतीच. मी त्याला म्हटलं, आलाच आहात तर एकदा पोरांना दाखवा. तो नको नको म्हणाला, मग डबा बाकावर ठेवला, बाह्या सरकवल्या, आमची घासून बोथट झालेली बास्टर्ड, म्हणजे जाड दातांची फाईल हातात घेऊन अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि सुरू झाला. डावा पाय पुढे, अंगाचा थोडासा झोक, आवाज एकसारखा. फाईल कशी कापतेय हे आवाजावरून कळतं, पोरांच्या फाईलचा आवाज चिरका येतो, याचा खर्रर्र, खर्रर्र, एका लयीत. वीसच्या वीस पोरं गोळा झाली. एवढी शांत माझ्या लेक्चरला कधी नसतात. दहा-पंधरा मिनिटांत त्याने एक बाजू सपाट केली, कडेला उरलेली बर (धारदार कीस) काढली आणि गुण्या न लावताच माझ्याकडे दिली.

सगळे जॉब बघत होते, मी त्याच्या पोराकडे बघत होतो. मला वाटलं होतं त्याला अभिमान वाटेल. तो स्वतःच्या फुगलेल्या जॉबकडे बघत होता आणि मग त्याने तो खिशात घातला. तेव्हापासून मी विचार करतोय की हे त्याच्यासमोर करायला नको होतं का करायला हवंच होतं. घरात रोज रात्री जे एकटा बघत होता तेच आता वर्गासमोर बघितलं. दुसरीकडे असंही वाटतं, की बापाचं काम एकवीस वर्षांत एवढ्या लोकांनी उभं राहून बघितलं नसेल आणि हे पोराने बघायला पाहिजेच होतं. दोन्ही खरं वाटतं.

बापाशी शेवटी ठरवलं ते असं. घरी फाईलला हात लावायचा नाही. पोराने केलेलं व्हर्नियरने मोजायचं, गुण्या लावायचा, आणि कुठे चुकलंय ते सांगायचं नाही, फक्त पुन्हा बघ म्हणायचं. म्हणाला जमेल. पोराने नंतर सांगितलं, बाबा हात मागे बांधून उभे राहतात, पण मधेच "अरे दाब, दाब" ओरडतात.

पुढच्या आठवड्यात बाप कंपनीतल्या टाकाऊ पॅलेटच्या पट्ट्या ठोकून पायाखाली घ्यायच्या सहा फळ्या घेऊन आला. मोजून बनवलेल्या, वेगवेगळ्या उंचीच्या. मी खूश. कार्यालयातून निरोप आला की या वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या वहीत, कशा घ्यायच्या, बिल आहे का, देणगी असेल तर पत्र पाहिजे. फळ्या सध्या वापरात आहेत आणि नोंद प्रलंबित आहे.

आणखी एक. मी बापाला सांगितलं, की तीन वर्षांचा कामाचा अनुभव असेल तर खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला, म्हणजे आयटीआयच्या शेवटच्या परीक्षेला, बसता येतं, तुम्हीच बसा ना फिटरला, तुमचाही कागद होईल. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. मग म्हणाला, अनुभवाचं पत्र कोण देणार, ठेकेदार हेल्पर लिहून देईल. मी पत्राचा नमुना करून दिला. दोनदा विचारलं, सांगतो म्हणाला. याचा मला त्या जॉबपेक्षा जास्त राग येतो आणि नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

पोरगं आपले जॉब आता माझ्यासमोर करतं, प्रत्येक तुकड्यावर माझा पंच. मागचा चौकोन ०.३ मिलिमीटरने कमी-जास्त होता, एका कोपऱ्यात काटकोन गेलेला, पण फुगवटा बराच कमी आणि रेघा त्याच्या स्वतःच्या. मी पासिंगच्या थोडे वर मार्क दिले. बापाचा फोन आला, सर एवढे कमी कसे, पोरगं इतकी मेहनत घेतंय. मी म्हटलं, तुम्ही तपासला असता तर किती दिले असते. तो म्हणाला, "मी? मी भंगारात टाकला असता." आणि तरी हाच माणूस अजून दर शनिवारी फोन करून मार्क वाढवायला सांगतो.