भिंतीला दुसरा हात

गेल्या शनिवारी स्पॅनिशच्या क्लासमध्ये मी ऐटीत ‘एल मानो’ म्हणाले आणि बाईंनी मान हलवली. मानो म्हणजे हात. ‘ओ’नं संपणारं नाम बहुतेक पुल्लिंगी, हे मी महिनाभर घोटलेलं. पण नाही, पुल्लिंगी ‘एल’ नव्हे, स्त्रीलिंगी ‘ला’ लावून ‘ला मानो’. हात म्हणे ती!

घरी येऊन खोदकाम केलं. ‘ला फोतो’, ‘ला मोतो’ हीसुद्धा ‘ओ’नं संपून स्त्रीलिंगी, पण ती लांबलचक स्त्रीलिंगी शब्दांची तोडलेली रूपं. मानोची गोष्ट वेगळी. लॅटिनमधला ‘मानुस’च स्त्रीलिंगी, त्याचा शेवट पुढे बदलला पण लिंग तेच राहिलं. तक्रार करायला आपल्याला तोंड नाही म्हणा. आपला हात तो, मूठ ती आणि बोट ते. का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार?

त्याच दिवशीची दुसरी चूक जास्त लागली. ‘मी हात धुते’ याचं मी ‘लावो मिस मानोस’ केलं, म्हणजे ‘माझे हात’. बाईंनी ते खोडून ‘मे लावो लास मानोस’ लिहिलं. कुणाचे हात ते ‘मे’मध्येच आलं, वेगळं ‘माझे’ नको. अहो, मराठीतही आपण ‘माझे हात धुते’ कुठे म्हणतो? मग ते ‘माझे’ आलं कुठून? इंग्रजीतून. बत्तीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिली, त्याची ही वसुली.

सोमवारी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये रंगारी आले. दिवाळीआधी हॉल उरकायचा होता. सगळं सामान मधोमध, त्यावर जुन्या चादरी, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी शब्दकोश घेऊन उभी. बाहेरून आवाज आला, “काकू, आज पहिला हात मारून ठेवतो. वाळला की उद्या दुसरा.”

आणि माझ्या बोटाखाली होतं ‘मानो दे पिंतुरा’. रंगाचा हात! इंग्रजीवाले भिंतीला कोट घालतात. आपण आणि स्पॅनिश लोक हात देतो. मी एकटीच हसत सुटले.

मग त्या नोंदीवरून हलवेना. झाडं ज्याच्याकडे हमखास जगतात त्याच्याकडे ‘बुएना मानो’, चांगला हात. आमच्या आईची लावलेली काडीसुद्धा फुटायची, तिला हे शोभलं असतं. मदत करणं म्हणजे ‘एचार उना मानो’, आपला हातभारच. ‘मानो इस्किएर्दा’ म्हणजे डावा हात, पण ‘त्याच्याकडे डावा हात आहे’ याचा अर्थ नाजूक प्रकरण तो शिताफीनं हाताळतो. आपल्याकडे डाव्या हाताचा मळ असतो, फार तर खेळ. तिथे मात्र त्याच्याकडे मुत्सद्देगिरी! मी स्वतः डावखुरी, लहानपणी उजव्या हातानं जेवायचं म्हणून चापट्या खाल्लेली. वहीत हे ठळक लिहून ठेवलं.

मंगळवारी दुसरा हात झाला, तरी खिडकीजवळ जुना पिवळा डोकावत होता. मी वहीत वाक्य जुळवलं आणि मोठ्यानं वाचलं, “ला पारेद नेसेसिता ओत्रा मानो.”

रंगाऱ्यानं रोलर थांबवून विचारलं, “काय म्हणालात?”

“भिंतीला अजून एक हात लागेल.”

“तेच सांगणार होतो, काकू. पण डबा संपलाय. चार लिटर आणावा लागेल.”