आमची वाटचाल : पाऊण पट्टी वर

यंदा दुकानाला ४० वर्षं पूर्ण झाली म्हणून मुलीने माहितीपत्रक छापायला घेतलं. "बाबा, वाटचाल एका पानात बसवा," एवढं सांगून गेली. एका पानात बसत नाही. त्याला कारण माझा मावसभाऊ, पण त्याच्याकडे नंतर येतो.

१९८५ साली डेक्कनमागच्या गल्लीत एका रिकाम्या गॅरेजात आम्ही दोघांनी व्हिडिओ लायब्ररी काढली. पैसे माझे, गोड बोलणं त्याचं. एशियाडच्या निमित्ताने १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला होता. टीव्ही घेतलेल्यांना आता व्हीसीआर हवा होता आणि तो विकत घेणं परवडत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मशीन आणि तीन कॅसेटी भाड्याने, सोमवारी सकाळी परत. मशीन मी स्वतः लुनावर पायांशी ठेवून न्यायचो आणि जोडून द्यायचो. परत आलं की आधी टेप वाचणारं हेड पुसायचं, शामॉय (मऊ चामड्याचं कापड) आणि स्पिरिटने. कापड स्थिर धरायचं आणि हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा. कापड वर-खाली चोळलं की हेड गेलंच. आता हे फारसं कोणाच्या उपयोगाचं नाही, तरी लिहून ठेवतो, कारण परवाच एकाने कान कोरायच्या काडीने हेड पुसून मशीन माझ्याकडे आणलं.

जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातली फिल्म इन्स्टिट्यूट जवळच. तिथली मुलं कॅसेट उशिरा आणायची, दंड भरायला कुरकुरायची, पण दुकानात काय ठेवावं ते मला त्यांनीच शिकवलं. आणि सभासद क्रमांक १४ म्हणजे पेटीवाले काका. नाव छापलेलं त्यांना आवडत नाही. ते पेट्यांचे सूर लावायचे. गुजरातेतल्या पालीताण्याहून येणाऱ्या पितळी सुरांवर (रीडवर) कानस इतक्या हलक्या हाताने फिरवायचे की भुकटीसुद्धा दिसत नसे. सिनेमाची हौस बेताची. यायचे ते नाट्यपदांच्या कॅसेटी बघायला आणि माझा चहा पिऊन त्याला नावं ठेवायला.

१९९४ च्या पावसाळ्यात इन्स्टिट्यूटच्या एका मुलाच्या बहिणीने पॅरिसहून एक कॅसेट आणली. फ्रेंच दिग्दर्शक जाक देमीचा 'शेर्बूरच्या छत्र्या'. १९६४ चा, कान महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला. छत्र्यांच्या दुकानातली मुलगी, गॅरेजात काम करणारा मुलगा, तो अल्जीरियात सैन्यात जातो आणि मागे जे व्हायचं ते होतं. गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही कादंबरीत शोभेल. फरक हा, की चित्रपटात एकही वाक्य बोललेलं नाही. सगळं गायलेलं. गॅरेजातला एक कामगार आपल्याला ऑपेरा आवडत नाही हेसुद्धा गाऊनच सांगतो.

झाकणावर रंगच रंग. कॅसेट लावली तर पडद्यावर काळंपांढरं! टीव्हीवर रंग दाखवायची फ्रान्समध्ये सेकाम पद्धत, आपल्याकडे पाल. पडद्यावर चित्र ज्यांनी बनतं त्या रेषा तेवढ्याच, म्हणून चित्र उभं राहतं, रंग मात्र आपल्या मशीनला वाचता येत नाहीत. ज्या चित्रपटात भिंतीवरच्या कागदाचा रंग नायिकेच्या पोशाखाशी जुळवला आहे, तो आम्ही पहिल्यांदा कृष्णधवल बघितला. मुलं डोक्याला हात लावून बसली. काका मात्र दारात ओली छत्री हातात धरून पूर्ण ८७ मिनिटं उभे होते.

शेवटी म्हणाले, "बाई गोड गाते. पण पट्टीत नाही."

दुसऱ्या दिवशी छोटी पेटी घेऊनच आले. पांढरी धरली की आवाज वर जायचा, शेजारची काळी धरली की खाली राहायचा. "दोन पट्ट्यांच्या मधे गातेय. पाऊण पट्टी वर, त्याहून केसभर कमी. आणि एकटी ती नाही, सगळा वाद्यवृंद तिच्याबरोबर वर गेलाय. म्हणजे खोट बाईत नाही, तुझ्या कॅसेटीत आहे."

कारण सरळ होतं. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) धावते, फ्रान्सचा आणि आपला टीव्ही २५ नी. मग फिल्म जरा पळवायची, चार टक्के. तेवढ्याने ९१ मिनिटांचा चित्रपट ८७ मिनिटांत संपतो आणि सूर चढतो. मारामारीच्या सिनेमात कोणाच्या लक्षात येत नाही. पण मिशेल लग्रांचं संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाहणाऱ्या चित्रपटात तुम्ही सबंध चित्रपटच चुकीच्या पट्टीत ऐकता. नऊ वर्षं धंदा करून मला हे ठाऊक नव्हतं आणि एका पेटीवाल्याने ते कानाने पकडलं. त्या दिवसापासून आमच्याकडे एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आल्या की दोन्ही शेजारी लावून बघायची पद्धत पडली. पुण्यात हे दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही.

आता मावसभाऊ.

१९९९ च्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडलं तर सभासदांची वही नाही. ६४० नावं, पत्ते, अनामत रकमा. वहीबरोबर हाही नाही. आठ दिवसांनी समोरच्याच बाजूला त्याची पाटी लागली. सीडीचं दुकान, कुठलाही नवा हिंदी चित्रपट दहा रुपयांत. त्या सीड्यांमध्ये मधूनच माणसं उठून पडद्यासमोरून बाहेर जाताना दिसायची, कोणाच्या तरी पोराचं रडणं ऐकू यायचं. लोकांना चालायचं. दहा रुपयांत काय काय हवं, असं मलाच विचारायचे. रस्त्यात भेटला की "काय दादा, बरं चाललंय ना?" अशी चौकशी व्हायची.

पुढच्या वर्षी माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला, की माझ्याकडे चोरट्या कॅसेटी आहेत. कोणी केला ते मी लिहीत नाही, वाचणारा ओळखेल. २१२ कॅसेटी आणि दोन मशीनं पंचनामा करून नेली. काही निघालं नाही. माल परत मिळायला सात महिने लागले, त्यात एक अख्खा पावसाळा गेला. पोती उघडली तर टेपेच्या रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी. बुरशीची कॅसेट कधी मशीनमध्ये घालू नये, ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. मी आणि बायको, दोघांनी तीन महिने रोज रात्री कवचांचे पाच-पाच स्क्रू काढले, मऊ कापडाने टेप पुसली, रिळं पुन्हा बसवली. ९० वाचल्या. बायकोला त्या बुरशीने दम्याचा त्रास सुरू झाला तो अजून आहे. हे माहितीपत्रकात नको, असं ती म्हणते. मी ठेवणार.

त्या काळात गल्ल्यात दिवसाला ७० रुपये जमले तरी चांगला दिवस म्हणायचो. गॅरेजचं भाडं पाच महिने थकलं होतं. एका सकाळी काका आले, पाच वर्षांची वर्गणी आगाऊ मोजली आणि एक गाठोडं ठेवलं. ८० कॅसेटी. त्यांच्या गुरुजींच्या शिकवण्या, घरगुती मैफली, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेलं गाणं. "याच्या सीड्या करता येतात म्हणे. कर. घाई नाही, पण बंद पडू नकोस." त्या गाठोड्यातून आमचा आजचा धंदा उभा राहिला. आधी कॅसेटी, मग लोकांच्या लग्नामुंजीच्या व्हिडिओ टेपा.

आणि छत्र्या? २००५ मध्ये एका सभासदाचा मुलगा न्यू जर्सीहून अमेरिकन डीव्हीडी घेऊन आला, दुसऱ्या एकाने लंडनहून ब्रिटिश. शटर अर्धं ओढून दोन टीव्ही शेजारी ठेवले, एकाच क्षणी चालू केले. वीसेक माणसं, त्यात मावसभाऊही रस्त्यापलीकडून डोकावत होता. "दादा, एकच गाणं दोनदा काय ऐकवतोस लोकांना?"

ब्रिटिश चित्र सरस होतं. ५७६ रेषा, हालचाल गुळगुळीत. अमेरिकन ४८० रेषांचं, जरा मऊ, आणि कॅमेरा आडवा सरकला की हलका झटका, कारण तिकडे २४ चौकटी टीव्हीच्या सेकंदाला ६० च्या गणितात बसवायला एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दाखवतात. पण सूर? अमेरिकन बरोब्बर काकांच्या पट्टीवर बसला, ब्रिटिश तोच पाऊण पट्टी वर. लंडनच्या डिस्कवर शेवटच्या प्रसंगातला बर्फातला पेट्रोल पंप रिकामा झाला, तेव्हा न्यू जर्सीच्या डिस्कवर नायक-नायिका अजून पंपाच्या ऑफिसात बोलत उभी होती. डोळ्यांना एक हवी, कानांना दुसरी. काका म्हणाले, "मी डोळे मिटून अमेरिका बघेन."

म्हणून सांगतो, डिस्क घेताना पाठीमागची मिनिटं वाचा. कलाकारांची नावं सगळेच वाचतात.

रंगांचं कोडं मात्र सुटेना, दोन्ही टीव्हींवर गुलाबी वेगळा. यात डिस्कवाल्यांना एकट्याला दोष देता येत नाही. ईस्टमनकलर फिल्मचे रंग वर्षांगणिक विटतात आणि या चित्रपटात रंग विटला तर शिल्लक काय राहणार? देमीने आधीच शहाणपण करून तिन्ही मूळ रंग वेगवेगळ्या कृष्णधवल फिल्मवर उतरवून ठेवले होते. काळ्यापांढऱ्या फिल्मचा रंग उडत नाही, कारण तिला रंगच नसतो. देमी १९९० मध्ये गेला. पुढे त्या तीन फिल्मांवरून त्याच्या बायकोने, आन्येस वार्दाने, रंग पुन्हा जुळवून घेतले. म्हणजे आमच्या मशीनवर जे काळंपांढरं दिसलं होतं, तशाच काळ्यापांढऱ्यातून या चित्रपटाचे खरे रंग वाचले. हे कळलं तेव्हा मी त्या इन्स्टिट्यूटच्या मुलाला मुद्दाम फोन केला.

२००६ ते २०१३ बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१३ मध्ये वार्दाच्याच सिने-तामारीस कंपनीने चित्रपट डिजिटल करून पुन्हा दुरुस्त केला. २०१४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने देमीच्या चित्रपटांचा संच काढला, त्यात तो ब्लू-रेवर आला. ब्लू-रे ठरावीक विभागाच्या प्लेअरवरच चालते. अमेरिकेची ए विभागाची, आपल्याकडे सी, त्यामुळे सगळे विभाग चालवणारा प्लेअर आधी मिळवला, मग डिस्क मागवली. काका तोवर ऐंशीच्या घरात. रिक्षातून आले, मांडीवर पेटी. ब्लू-रे फिल्मच्याच चालीने, २४ नी धावते. वरून दिसणारा दगडी रस्ता, पाऊस, एकेक छत्री रंग घेऊन सरकत गेली. काकांनी भाता हलवला, पट्टी धरली, पाच मिनिटं ऐकलं आणि मान डोलावली. वीस वर्षांनी चित्र आणि सूर एका जागी आले होते. मी पेढे आणून ठेवले होते.

पेढा न घेताच काका म्हणाले, "आता माझ्या गुरुजींची सीडी लाव. तू हल्लीच दुसऱ्यांदा उतरवून दिलीस ती."

लावली. त्यांनी काळी चार धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"पाव पट्टी उतरलंय. गुरुजी काळी चारच्या खाली कधी गायले नाहीत."

माझ्या कॅसेट डेकचा पट्टा सैल झाला होता. किती महिने, देवाला ठाऊक. जगातल्या डिस्कांचे सूर तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं मशीन तपासलं नव्हतं. पट्टा बदलला, वेग लावून घेतला आणि वही काढली. त्या वर्षात ४३ जणांच्या कॅसेटी उतरवल्या होत्या. सगळ्यांना फोन केले. बहुतेक म्हणाले, आम्हाला काही फरक वाटला नाही, राहू द्या. तरी सगळ्या पुन्हा केल्या, फुकट.

त्यातली एक कॅसेट अनोळखी नावाने आलेली होती. लावल्यावर आवाज ओळखला. माझी मावशी, मुंजीच्या मांडवात ओव्या म्हणणारी. मावसभावाने स्वतः यायचं टाळून शेजाऱ्याच्या हाती पाठवली होती. तीही पुन्हा उतरवली, मावशीचा आवाज होता तिथे आणला. त्याच्याकडून मात्र ६० रुपये घेतले आणि पावती फाडली.