लाहेरीचा रस्ता

आज कामासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडहून लाहेरीला जाऊन आलो. निघताना घरून एकाचाही फोन नाही. पूर्वी लाहेरीला जातो म्हटलं असतं तर नक्षलवाद्यांच्या भीतीने आईने जेवण टाकलं असतं!

तारखा विसरता येत नाहीत. नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत गेलेले, 2009 चा फेब्रुवारी, मरकेगाव : 15 पोलीस. मे, हत्तीगोटा : 16. ऑक्टोबर, लाहेरी : 17. एका जिल्ह्यात, एका वर्षात. पुढे 2019 च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याला भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आणि पोलिसांचा 'खबऱ्या' म्हणून रात्री घरातून ओढून नेलेली माणसं? त्यांची नावं पेपरात एका ओळीत यायची, कधी तीही नाही.

सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी कमांडो पथकातली बरीचशी पोरं इथलीच, माडिया-गोंडी बोलणारी. म्हणजे वर्दीतला मेला काय, लुंगीतला मेला काय, रडणारं गाव बहुतेक वेळा तेच.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. बळींचे आकडे खाली आले, याचा आनंद मला आहेच, आणि त्यात 'पण' घालायची घाई करणाऱ्यांचा रागही येतो. तरी लाहेरीत चहा पिताना एक म्हातारे बाबा म्हणाले, "आता भ्या नाही जी. डॉक्टर पायजे."

पोलीस जिवंत घरी जातोय, हे जिल्ह्याची तब्येत सुधारल्याचं पहिलं लक्षण मानू. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अजूनही तुटतं, तेव्हा बाळंतीण कशी पोचते तेही यापुढे मोजायला हवं.