‘ॲन्टॉप हिल’चा चंद्र जातो कुठे?

‘ॲन्टॉप हिल’ दिसायला एक, टाइप करायच्या तऱ्हा दोन. पहिली तऱ्हा: ॲ हे अखंड अक्षर, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलेलं; क्रमांक यू+०९७२. दुसरी: अ टाइप करून त्यावर चंद्र, यू+०९४५. डोळ्यांना फरक कळत नाही. युनिकोड मात्र या दोन्ही एकच मानत नाही. त्यामुळे साध्या शोधात एका तऱ्हेने लिहिलेलं दुसरीने सापडत नाही. शिवाय काही ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेत चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. अखंड अक्षरच वापरा, जुना मजकूर एकदाच ‘शोधा-बदला’ करून टाका. (ऍ हे अक्षर मराठीचं नव्हे, तेही त्याच फेरीत बदला.)

खरी फजिती रफाराची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या सह्याद्रीत. दऱ्या लिहिताना ऱ, यू+०९३१, मग हलन्त, मग य. काही कीबोर्ड साध्या र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक घालतात. मजकूर साफ करणाऱ्या प्रणालीने तो उडवला की दऱ्यांचा दर्या झालाच!

‘बॅलार्ड इस्टेट’ या शीर्षकातला चंद्र वरून कापला जात असेल तर फॉन्टला दोष देऊ नका. वेबपानाच्या मांडणीत लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असेल तर १.६ करून बघा, आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणारी सूचना) काढा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते.

सगळंच अगम्य रोमन चिन्हांत दिसत असेल तर यूटीएफ-८ची (युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीची) घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत आहे का, ते तपासा.